आपत्कालीन मदतीचे कॉल घेणाऱ्याच्या परीक्षेला बसतेयस ना? मग आधी कान तयार कर

सामान्यज्ञानाची गाइडं तू वाचशीलच, त्यात मी वेळ घालवत नाही. खरी गाळणी लागते ती ऐकता ऐकता टाइप करण्यात. घरात कुणाला तरी पत्ता भरभर वाचायला सांग: "आसरा चौकाच्या पुढं, होटगी रोड, पाण्याच्या टाकीमागं, दोघं पडलेत, एक बोलत नाही." तो थांबायच्या आत सगळं स्क्रीनवर आलं पाहिजे. मागं टीव्ही चालू ठेव, कारण खऱ्या कॉलमध्ये शांतता नसतेच.

आधी ठिकाण, मग फोन नंबर, मग काय झालं. हा क्रम अंगात मुरू दे. लाइन तुटली तरी ठिकाण हातात असेल, तर गाडी निघू शकते. माझ्या पहिल्या सरावात मी "काय झालं?" आधी विचारलं आणि पत्ता राहूनच गेला. ती चूक अजून टोचते.

११२, १०८, १०१, १०९८ कशासाठी, हे झोपेतही सांगता यावं. आपल्या सोलापूर जिल्ह्याचे अकरा तालुके नकाशावर बोट ठेवून पाठ कर. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबण्याची गती मिनिटाला १०० ते १२० असते, ती मोठ्यानं मोजून बघ.

आणि तुला तेलुगू, कन्नड येतं ना? सोलापूरच्या पोरींची ही मोठी पुंजी आहे गं. मुलाखतीत आवर्जून सांग. घाबरलेला माणूस आईच्या भाषेतच ओरडतो.