हापूसच्या हंगामासाठी चॅटबॉट घ्यावा का?

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवतो. एप्रिलात व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं देता देता पेट्या भरायच्या राहतात. एक जण वर्षाचे पैसे आगाऊ घेऊन एआय चॅटबॉट, म्हणजे गिऱ्हाइकांच्या मेसेजना आपोआप उत्तरं देणारा प्रोग्रॅम, द्यायला तयार आहे. घेऊ का?

उत्तर : दादा, वर्षाचे पैसे आगाऊ मुळीच देऊ नका. तुमचा धंदा मार्च ते मे; महिन्याच्या बोलीवर देणारा बघा. त्याआधी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचं फुकटातलं अ‍ॅप नीट वापरा. कॅटलॉग, आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज, साठवलेली उत्तरं, सगळं त्यात आहे. बरीच गर्दी तिथेच ओसरेल.

तरीही बॉट लागलाच, तर विक्रेत्याच्या डेमोवर जाऊ नका. गेल्या हंगामातले खरे मेसेज त्याच्यापुढे टाका, इंग्रजी अक्षरांतली मराठीसुद्धा. 'पाच डझनी पेटी कितीला?' याचं उत्तर तुमच्या आजच्या भावातूनच आलं पाहिजे, आणि तो भाव तुम्हाला स्वतः मोबाइलवरून बदलता आला पाहिजे. मला खरी काळजी वाटते ती 'अर्धी पेटी डागी निघाली, पैसे परत द्या' या मेसेजची. इथे बॉटने काहीही कबूल न करता गिऱ्हाईक तुमच्याकडे सोपवावं. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली होती. २०२४ मध्ये कॅनडातल्या न्यायाधिकरणाने भरपाई कंपनीलाच द्यायला लावली.

सेवा बंद केल्यावर गिऱ्हाइकांचे नंबर नि चॅट तुमच्याकडे परत येतील, हे मात्र आधीच लिहून घ्या.