पहिला विनोद आजींना करू दे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

आजी दिवेघाटात घसरल्या, डावं मनगट मोडलं आणि वारी सासवडलाच सोडून घरी परतावं लागलं, हे कळलं. त्यांना हसवावं की धीर द्यावा, असं विचारलं आहेस. दोन्हींची घाई नको. आधी हात बघ.

प्लास्टरचा हात पहिले दोन-तीन दिवस उशांवर, छातीपेक्षा उंच राहायला हवा. झोळीतही मनगट कोपरापेक्षा जरा वरच. बोटाचं नख दाबून सोड. दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा सरळ करताना जीव जाईल इतकं दुखलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. प्लास्टर आवळलेलं असू शकतं, ते कापून सैल करावं लागतं. त्या हातात अंगठी राहिली असेल तर साबणाचं पाणी लावून काढ, नाही निघाली तर सोनाराकडून कापून घे. सोन्यापेक्षा बोट महाग. बांगड्यांवरून रुसवा होईल, तर उजव्या हातात दोन जास्त भरायच्या, म्हणजे वाद मिटतो.

जागेपणी दर तासाला मूठ मिटायची-उघडायची, आणि दिवसातून चार-पाच वेळा हात डोक्यावर न्यायचा. हे चुकलं की सहा आठवड्यांनी मनगट जुळलेलं असतं आणि खांदा आखडलेला. मग लोक म्हणतात, प्लास्टर चांगलं घातलं नाही. मालिशवाल्याला मात्र दारातूनच परत पाठव.

आषाढी तोंडावर आली आहे. आजी उपास सोडणार नाहीत, आणि दुखण्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी जठराला झोंबतात. भगर, केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू खाऊन मग गोळी. साखरेचं औषध चालू असेल तर उपासाचं डॉक्टरांना आधी विचार. तिथे भक्तीपेक्षा रक्तातली साखर हट्टी असते.

आता हसण्याचं. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारणार, "कशा हो पडलात?" पहिल्या दोघा-तिघांना त्या नुसतं "घसरले" म्हणतील. पुढे पुढे गोष्टीला आकार येईल. डोक्यावर घेतलेलं मेणकापड पायात आलं, पाठीमागची दिंडी थांबली, कुणीतरी "माऊली, माऊली" म्हणत उचलायला आलं आणि तेच घसरलं. एखादा हवालदार नव्यानेच शिरेल, घाटाचा चढही वाढेल. दुरुस्त करू नकोस. पडताना माणसाच्या हातात काही नसतं, सांगताना सगळं असतं, आणि त्यांना तेवढंच परत हवं असतं. म्हणून पहिला विनोद त्यांना करू दे, तू दुसरा कर. तोही मेणकापडावर, चपलेवर, चिखलावर, वयावर नाही. आणि "या वयात कशाला गेलात?" हे वाक्य घरात कुणाच्याच तोंडून येऊ देऊ नकोस. त्यानंतर त्या सांगणंच बंद करतील.

एक विनोद मात्र ओळखायला शिक. "आता काय, पुढची वारी चौघांच्या खांद्यावरून" हे एकदा म्हटलं तर हस. रोज म्हणू लागल्या आणि सोबतीला भिंत धरून चालणं, कुणी घरी असल्याशिवाय आंघोळ न करणं दिसलं, तर ती भीती आहे. पडायच्या भीतीने चालणं कमी होतं, मांड्यांतली ताकद जाते आणि माणूस खरंच पुन्हा पडतो. उपाय साधा आहे. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठायचं-बसायचं, जमेल तसं पाच ते दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. तू शेजारी उभं राहायचं. काठी उजव्या हातात. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं म्हणजे हाड आधीच ठिसूळ असण्याची शक्यता असते, तेव्हा हाडांच्या घनतेची तपासणी करून घे. डोळेही तपास, आणि रक्तदाबाच्या गोळीने उठताना चक्कर येते का तेही विचार. चपलेचा तळ उलटा करून बघ. नक्षी गुळगुळीत झाली असेल तर अर्धा दोष तिचा.

श्रद्धेच्या बाबतीत तू फार बोलू नकोस. "पांडुरंगाने मलाच का पाडलं?" असं त्या विचारतील. उत्तर द्यायचं नसतं, ऐकायचं असतं. "देवानेच वाचवलं, नाहीतर खुबा गेला असता" हेही त्यांनीच म्हणायचं. तू म्हटलंस की ते सांत्वन होतं आणि त्यांना सांत्वनाचा राग येतो. त्यापेक्षा संध्याकाळी हरिपाठाला शेजारी बस. टाळ एका हाताने वाजत नाही, चिपळ्या वाजतात. जोडी आणून उजव्या हातात दे. एका हाताने टाळी कशी वाजते, यावर त्या स्वतःच काहीतरी बोलतील, बघ.

वारी अर्धी राहिली, ही खंत उरेलच. चोखोबांना देवळात जाऊ दिलं नाही, पण त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. आजींना हे तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू फक्त कार्तिकीचा विषय काढ. आषाढीपासून चार महिने मिळतात. प्लास्टर निघून मुठीत जोर यायला तेवढे लागतातच. पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहणं आणि धक्के खाणं यंदा नको. मुखदर्शन घ्या, तेही जड वाटलं तर कळसाला हात जोडा. वारकरी तेही दर्शन मानतात. एसटीत मागच्या चाकावरची जागा टाळ, हादरे मनगटापर्यंत पोचतात. आजींना पंच्याहत्तर पूर्ण झाली असतील तर तिकीट लागत नाही, नसतील तरी महिला म्हणून अर्धं. आधार कार्ड त्यांच्या पिशवीत नको, तुझ्या खिशात ठेव.

कळावे.