समुद्राकाठच्या गावात चार दिवस सुट्टीला जाऊन भातशेती नीट पाहायची असेल, तर कधी जावं आणि शेतात कसं फिरावं?

कोणत्या महिन्यात जावं, हा प्रश्न बाजूला ठेवा. जिथे उतरणार आहात तिथे फोन करून विचारा, "लावणी होऊन किती दिवस झाले?" शेजारच्या दोन गावांतही पंधरा दिवसांचा फरक पडू शकतो, आणि तेवढ्यात भाताचं रूप पार बदलतं.

खाचरात आभाळाचं प्रतिबिंब हवं असेल तर चिखलणीपासून (लावणीआधी पाणी भरून शेताचा चिखल करतात तेव्हापासून) लावणीनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत जा. त्यानंतर फुटवे येऊन पानं एकमेकांना भिडतात आणि पाणी झाकलं जातं. गच्च हिरवं शेत लावणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांनी दिसतं. फुलोरा कापणीच्या सुमारे महिनाभर आधी येतो, आणि तो वाकून पाहण्यासारखा असतो. सकाळी नऊ-अकराच्या सुमारास लोंबीतल्या एकेका दाण्याचं टरफल फाकतं, सहा फिकट पिवळे परागकोश बाहेर लोंबतात आणि तास-दोन तासांत टरफल पुन्हा मिटतं. या दिवसांत पिकाला अंग घासत चालू नका.

कापणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी सोडून देतात. शेत पिवळं, बांध कोरडे. सगळ्यांना आरशासारखं पाणीच हवं असतं, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हाच काळ सुचवेन, कारण चालणं खरंच सोपं होतं.

ठिकाणाप्रमाणे हिशोब बदलतो, हेही पाहा. बालीत पाणी जवळजवळ वर्षभर मिळत असल्याने एका बांधावर उभं राहून वेगवेगळ्या वयाची खाचरं दिसू शकतात. स्पेनमधल्या एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशात वर्षाला एकच पीक: वसंतात पाणी भरतात, सप्टेंबरच्या सुमारास कापणी. केरळच्या किनाऱ्यालगतच्या खाऱ्या, म्हणजे पोक्कळी शेतांत साधारण जून ते ऑक्टोबर भात असतो, पुढे एप्रिलपर्यंत त्याच शेतात कोळंबी. तिथे जानेवारीत गेलात तर नुसतं खारं पाणी दिसेल.

डोंगरातल्या भातशेतीत न दिसणारी गोष्ट किनाऱ्यावर पाहायला मिळते, ती म्हणजे समुद्राचं पाणी अडवणारा खारबांध आणि त्यातली उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडायची झडपेची वाट. उघाडीची झडप एकाच दिशेने उघडते. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याचा दाब तिला ढकलतो आणि शेतातलं जादा पाणी निघून जातं. भरती चढू लागली की तोच समुद्र झडप दाबून बंद करतो. दिवसाचं वेळापत्रक भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून आखा. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. उघाडी ओहोटीच्या वेळी पाहा. पक्षी हवे असतील तर उलट: भरतीने चिखलाचे पट्टे बुडाले की तिथले बरेच पाणपक्षी शेतांत येऊन बसतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बाहेरच्या बांधावर जाऊ नका. खेकड्यांनी पोखरलेला बांध वरून धड दिसतो आणि आतून पोकळ असतो. त्याच्या लगतच्या पट्ट्यात भाताची टोकं पांढरी पडून रोपं खुरटलेली दिसली, तर तिथे खारं पाणी झिरपलं असण्याची दाट शक्यता.

आतले बांध बऱ्याचदा जेमतेम वीतभर-दीड वीत रुंद. नुकताच चिखलाने लिंपलेला, चकाकणारा बांध सोडून द्या. कड मोडली की वरच्या खाचराचं पाणी खालच्यात उतरतं आणि शेतकऱ्याचं काम वाढतं. समोरून कोणी ओझं घेऊन आलं तर मागे फिरून तुम्हीच वाट द्या. शेतात शिरण्याआधी विचारा, आणि फवारणी झाली आहे का हेही त्याच वेळी विचारून घ्या. रानडुकरांसाठी विजेची तार लावलेली असू शकते, त्यामुळे अंधारात अनोळखी बांधावर जाणं नकोच.

गमबूट चिखलात रुततात. मागे पट्टा असलेली रबरी सँडल बरी. पाय रुतला तर सरळ वर ओढू नका, खाली पोकळी होऊन चिखल आणखी धरतो. टाच हलवून पाऊल थोडं वळवा, कडेने हवा-पाणी आत शिरलं की पाय सुटतो.

प्रतिबिंबाचा फोटो सूर्योदयानंतरच्या तासाभरात घ्या. ऊन तापलं की समुद्रावरून वारा सुटतो आणि पाण्यावर लाटा उठतात. पोलरायझर फिल्टर असेल तर तेव्हा काढून ठेवा, तो चकाकीबरोबर प्रतिबिंबही खातो. हिरव्या पिकासाठी मात्र तो हवाच.

पायाला जखम असेल तर खाचरात उतरू नका. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्या पाण्यात येतात. बिळं असलेल्या बांधावर काठी आपटत चाला, उंदरांमागे सापही असतात. आणि परतल्यावर महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर भातशेतातल्या पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.