पिवळा बोर्ड माळ्यावर, आता इंटरनेट फोनचा धंदा करू का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी इचलकरंजीचा. वडिलांचा एसटीडी पीसीओ होता, त्याचा पिवळा बोर्ड अजून माळ्यावर पडलाय. मी डिप्लोमा केलाय आणि सहा वर्षं सीसीटीव्ही, नेटवर्किंगची कामं करतोय. ओळखीतला एकजण म्हणतोय की इंटरनेट फोनचा बिझनेस टाक, तो सिमकार्डं घालायचं एक मशीन देणार, परदेशातले कॉल नेटवरून त्यात येणार अन् इथल्या नंबरवर उतरणार, मला मिनिटामागे कमिशन. भांडवल अडीच लाख. करू का? आणि व्हॉट्सॲप फुकट असताना या धंद्यात राम आहे का?

उत्तर : दादा, त्या मशीनला आधी हात जोडा. त्याला सिम बॉक्स म्हणतात. दुबईहून आलेला कॉल तुमच्या खोलीतल्या सिमवरून लोकल होऊन जातो, म्हणजे घेणाऱ्याला दिसतो साधा भारतातला नंबर, कंपनीचे परदेशी कॉलचे पैसे बुडतात आणि तो कॉल नक्की केला कुणी हे पोलिसांनाही कळत नाही, फसवणूक करणारे म्हणून तर अशी मशीनं शोधत असतात. एका माणसाच्या नावावर 9 सिम मिळतात, मग त्या मशीनमधली बाकीची कुणाच्या नावावर आहेत हे मशीन देणाऱ्याला विचारून बघा, गडी विषय बदलेल. 2023 च्या टेलिकम्युनिकेशन ॲक्टप्रमाणे परवानगीशिवाय अशी सेवा दिली तर 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खोली तुमची, नेट कनेक्शन तुमचं, त्यामुळे पहिले तुम्हीच सापडणार, मशीन देणारा नाही.

आता सरळ धंदा. आपल्याकडे मिनिटं विकायला लायसन्स लागतं, ते तुमच्या-माझ्यासारख्याच्या आवाक्यातलं नाही आणि त्याची गरजही नाही. एअरटेल, जिओ, टाटा टेली, बीएसएनएल हे सगळे सिप ट्रंक विकतात, म्हणजे एका वेळी अनेक कॉल नेणारी पूर्वीची पीआरआय लाइन आता नेटवरून. त्यांचा चॅनल पार्टनर व्हायचं, केवायसी अन् बिल कंपनीचं, तुम्हाला कमिशन. पण खरं सांगते, कमिशनवर चहापाणीच निघतं, घर चालतं ते पीबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं छोटं फोन एक्स्चेंज, बसवून आणि वर्षाच्या एएमसीवर, म्हणजे देखभालीच्या करारावर.

व्हॉट्सॲपचं म्हणाल तर ते माणसाचं असतं, ऑफिसचं नसतं. हॉस्पिटलची रिसेप्शनिस्ट नोकरी सोडून गेली की नंबर तिच्याबरोबर जातो अन् पेशंट तिला घरी फोन करत बसतात. पतसंस्थेला वसुलीच्या कॉलचं रेकॉर्डिंग हवं असतं, सायझिंगवाल्याला, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखानदाराला, गेट, ऑफिस आणि कामाच्या खात्यात एक्स्टेन्शन हवी असतात. तुमच्या गावात हेच गिऱ्हाईक आहे, आणि त्यांच्या भिंतीवर कॅमेरे तुम्हीच बसवलेत की!

पीबीएक्सच्या सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. ॲस्टेरिस्क नावाचं ओपन सोर्स आहे, मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन पोराने 1999 मध्ये लिहिलं, कारण स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी फोन सिस्टीम घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. वीसेक एक्स्टेन्शनला साधा पीसी पुरतो. तो आधी घरी लावा, महिनाभर बायकोला वरच्या खोलीतून फोन करा, तिने शिव्या घातल्या की समजायचं कुठे अडतंय.

आणि अडतं कुठे ते ऐका. लोक स्पीड स्पीड करतात, पण जी.711 कोडेकवर (आवाज डिजिटल करायची नेहमीची पद्धत) एका कॉलला एका बाजूला 90 केबीपीएसच्या आत लागतं, 10 कॉल 1 एमबीपीएसमध्ये बसतात. आवाज तुटतो तो अपलोड कोंबल्यावर, आणि ते कोंबतात कॅमेरे! तुम्हीच लावलेलं क्लाउड रेकॉर्डिंग तुमच्याच फोनचा गळा धरणार, म्हणून राउटरमध्ये आवाजाच्या पॅकेटला पहिला मान द्या, एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदाच्या आत ठेवा. दुसरं म्हणजे लाइट. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधल्या बॅटरीवरून करंट यायचा म्हणून अंधारातही डायल टोन मिळायचा, आयपी फोन लाइट गेली की मुका. पीओई स्विच (नेटच्या वायरीतूनच फोनला करंट देणारा) आणि राउटर दोन्हीला यूपीएस, हे कोटेशनमध्ये आधीच लिहा, नंतर कोणी पैसे देत नाही.

माझी एक चूक पण सांगून टाकते. सुरुवातीला एका हॉस्पिटलला सिस्टीम लावली, एक्स्टेन्शन 101, पासवर्डही 101, पोर्ट 5060 (सिप फोनचा नेटवरचा दरवाजा) सताड उघडा, आयएसडी चालू. शनिवारी रात्री कुणीतरी घुसलं आणि सोमवार सकाळपर्यंत परदेशात कॉल लावत राहिलं, बिल बघून डॉक्टर माझ्याकडे नुसते बघत होते. अर्धे पैसे मी खिशातून भरले. तेव्हापासून आयएसडी बंद करूनच सिस्टीम ताब्यात देते, ज्याला हवी तो लेखी मागतो.

अडीच लाखातला निम्मा पैसा बाजूला ठेवा, बाकीच्यात डेमोचे चार फोन, एक स्विच, एक पीसी घ्या आणि पहिलं काम ओळखीच्या गिऱ्हाइकाकडे अगदी मापात करा.

प्रश्न : मुलीला साताऱ्यात 10 जणींचं छोटं कॉल सेंटर काढायचंय, सरकारी रजिस्ट्रेशन लागतं का?

उत्तर : पूर्वी ओएसपी (अदर सर्व्हिस प्रोव्हायडर) म्हणून लागायचं, नोव्हेंबर 2020 मध्ये ते काढून टाकलं. मात्र लायसन्सवाल्या कंपनीकडूनच लाइन घ्या. आणि जाहिरातीचे कॉल करणार असाल तर टेलिमार्केटर म्हणून नोंदणी करून 140 ने सुरू होणारे नंबर घ्यावे लागतील, पोरींच्या स्वतःच्या मोबाइलवरून करायला लावू नका, तक्रारी झाल्या की त्यांचेच नंबर बंद होतात.