स्टार्टर मोटर पुन्हा जळली, आणि इंजिन वर्कशॉपने अडवून ठेवले

प्रश्न : देवबाग (ता. मालवण) येथे पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणारी माझी एक बोट आहे. ती मी स्वतः चालवतो, पुतण्या मदतीला असतो. दुसरी लहान होडी मेव्हण्याला भाड्याने दिली आहे. डिसेंबरअखेर बोटीच्या ४० हॉर्सपॉवरच्या आउटबोर्ड इंजिनचा सेल्फ लागेना, म्हणून गोव्यातील एका वर्कशॉपमधून १२ जानेवारीला नवीन स्टार्टर मोटर बसवून घेतली. मोटरचे १८,५०० आणि मजुरीचे ३,५०० असे २२,००० रुपये दिले. ४ फेब्रुवारीला चावी फिरवली की नुसता ‘कट’ असा आवाज येऊ लागला आणि जळका वास आला. दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवून इंजिन त्यांच्याकडे पोचवले. आता ते म्हणतात की, खारे पाणी आत गेले, बिलावर ‘इलेक्ट्रिकल पार्टला वॉरंटी नाही’ असे छापले आहे, तेव्हा मोटरचे पैसे पुन्हा द्या. शिवाय तपासणीचे २,५००, गेल्या वर्षीच्या प्रोपेलरच्या कामाचे राहिलेले ६,८०० आणि रोजचे २०० रुपये जागाभाडे दिल्याशिवाय इंजिन सोडणार नाही, असे सांगतात. माझी बॅटरी चार वर्षांची आहे, पण त्यांनी ती तपासलीच नव्हती. हंगाम हातचा चालला आहे. काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात ज्याचा उल्लेख नाही, त्या गोष्टीपासून सुरुवात करतो. जळालेली मोटर आता कोठे आहे आणि ती कोणी उघडली आहे का? उघडली नसेल, तर आजच वर्कशॉपला ईमेलने आणि पोचपावतीच्या स्पीड पोस्टने कळवा की, ही मोटर आपल्या अनुपस्थितीत उघडू नये, दुरुस्त करू नये आणि भंगारात देऊ नये. या प्रकरणात कायद्याची बाजू तुलनेने सोपी आहे. निकाल फिरेल तो त्या मोटरच्या आत जे दिसेल त्यावर.

त्याचे कारण असे की, स्टार्टर मोटर कशाने गेली हे ती उघडल्यावर बऱ्याच अंशी कळते. बॅटरी कमकुवत असताना सेल्फ वारंवार आणि लांबवर मारला, तर मोटर मंद फिरते, मंद फिरताना जास्त करंट ओढते आणि आर्मेचरची (मोटरच्या आतल्या फिरत्या भागाची) वाइंडिंग सगळीकडून सारखी काळी पडते. मोटरचे पिनियन (लहान दातेरी चाक) इंजिनच्या फ्लायव्हीलच्या (मोठ्या चाकाच्या) दात्यांत अडकून राहिले, तर चालू इंजिनच मोटरला भलत्या वेगाने फिरवते आणि कम्युटेटरच्या, म्हणजे आर्मेचरला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या गोलाच्या, पट्ट्या उचकटतात. पाणी शिरले असेल तर गंज आणि मिठाची पांढरी रेघ दिसते. याखेरीज एक खूण आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे, ती म्हणजे कम्युटेटरवर घासत राहणारे कार्बन ब्रश. तेवीस दिवसांच्या वापरात ब्रश झिजून बुडाशी येत नाहीत. ते तसे आढळले, बॉडीच्या स्क्रूच्या खाचा आधीच घासलेल्या असल्या किंवा नव्या रंगाखाली जुना गंज निघाला, तर ती मोटर नवी नव्हतीच, डागडुजी करून नवी म्हणून विकलेली होती. जुनी अथवा पुनर्बांधणी केलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मोटरचा पार्ट नंबर आहे का, तेही पाहा. नुसते ‘स्टार्टर मोटर १ नग’ असे लिहिले असेल, तर बसवलेल्या मोटरवरील नंबरचा फोटो मागून घ्या.

आता आपली दुबळी बाजू. चार वर्षांच्या बॅटरीचा मुद्दा समोरचा पक्ष पहिल्याच उत्तरात मांडेल, आणि त्यात तथ्य असू शकते. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी स्थिर अवस्थेत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली घसरत असेल, तर बॅटरी किंवा जोडणी ठीक नाही असे कोणताही मेकॅनिक सांगेल. परंतु हाच मुद्दा आपल्या बाजूनेही तितक्याच जोराने मांडता येतो. सेल्फ लागत नाही अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले, की बॅटरी, केबलच्या टोकांचे गंजलेले लग, अर्थिंग, फ्यूज, सोलेनॉइड (मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) आणि गिअर न्यूट्रलमध्ये नसताना सेल्फ रोखणारा स्विच हे सर्व तपासल्यानंतरच मोटरकडे वळायचे असते. हे न करता थेट मोटर बदलली आणि मूळ दोष बॅटरीत किंवा केबलमध्ये तसाच राहून नवी मोटर जळली, तर ती कलम २(११) मधील सेवेतील त्रुटी ठरते, कारण कामाच्या दर्जात किंवा पद्धतीत राहिलेली उणीव आणि निष्काळजीपणा यांना तेथे त्रुटी म्हटले आहे. म्हणून बॅटरी बदलू नका किंवा विकू नका. तिची लोड टेस्ट (भार देऊन केलेली चाचणी) दुसऱ्या एखाद्या बॅटरी विक्रेत्याकडून करून तारखेसह लेखी घ्या. निकाल आपल्याला गैरसोयीचा आला तरी तो जपून ठेवा. चावी किती वेळ धरून ठेवली होती, याबद्दलही तक्रारीत खरे तेच लिहा. इंजिनच्या पुस्तिकेत ही मर्यादा काही सेकंदांचीच असते.

दुसरा आक्षेप येईल तो आपण ‘ग्राहक’ नाही, बोट हा धंदा आहे, असा. कलम २(७) मधून व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे, मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानू नये, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले आहे की, वाहन किंवा यंत्र स्वतः चालवणाऱ्याने मदतीला एकदोन माणसे घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असे नव्हे. त्यामुळे पुतण्याची अडचण नाही. अडचण आहे ती भाड्याने दिलेल्या होडीची. ती लपवू नका. वादातील इंजिन आपण स्वतः चालवता त्या बोटीचे आहे, हे तक्रारीत स्पष्ट शब्दांत लिहा आणि बोटीची नोंदणी, परवाना व आपले चालवण्याचे प्रमाणपत्र सोबत जोडा.

‘इलेक्ट्रिकल पार्टला वॉरंटी नाही’ ही छापील ओळ फार तर मोटरच्या वॉरंटीबद्दल बोलते. निदान न करता केलेल्या कामाला किंवा जुनी मोटर नवी म्हणून देण्याला तिचे संरक्षण मिळत नाही. सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील कलम २(४७) नुसार अनुचित प्रथा आहे, आणि त्यासाठी बिलावर मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांची मुदत धरली जाते. आपला संदेश चोविसाव्या दिवशी गेला आहे, हे फार चांगले झाले. तो पुसला जाऊ देऊ नका, संपूर्ण संभाषण एक्सपोर्ट करून ठेवा आणि दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा. सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई देणाऱ्या, कायद्यातील ‘उत्पादन दायित्व’ या प्रकरणाचा मात्र येथे उपयोग नाही, कारण त्यातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे नुकसान आणि आर्थिक तोटा वगळलेला आहे.

आता अडवून ठेवलेल्या इंजिनाकडे वळतो, कारण आपली खरी तळमळ तीच आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, सोपवलेल्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य वापरून काम करणाऱ्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवता येते. हा हक्क त्या वस्तूवरील त्या कामापुरताच आहे. जुनी थकबाकी वसूल होईपर्यंत कोणताही माल धरून ठेवण्याचा व्यापक हक्क कलम १७१ ने बँकर, वकील अशा मोजक्यांनाच दिला आहे, दुरुस्ती करणाऱ्याला नाही. म्हणजे प्रोपेलरच्या ६,८०० रुपयांसाठी इंजिन धरता येत नाही. ती रक्कम खरोखर देणे असेल तर देऊन टाका, पण तो वेगळा हिशेब आहे. दोनशे रुपये रोजचे जागाभाडे आधी ठरलेले नसेल तर स्वतःच्या फायद्यासाठी वस्तू धरून ठेवणाऱ्याला ते मागता येत नाही. इंजिन विकून पैसे वसूल करण्याचा अधिकार तर कलम १७० ने मुळीच मिळत नाही. राहिले तपासणीचे २,५००. त्यावर वाद घालता येईल, तरी माझा सल्ला आहे की, ते ‘हरकत राखून’ असे लेखी लिहून बँकेमार्फत भरा आणि इंजिनचा ताबा मागा. मेच्या अखेरीस पर्यटनाच्या बोटी बंद होतील. अडीच हजारांच्या तत्त्वासाठी उरलेले आठवडे घालवणे परवडणारे नाही. शिवाय नुकसान कमी करण्यासाठी आपल्या हातात कोणते उपाय होते, हे करार कायद्याच्या कलम ७३ खाली भरपाई ठरवताना पाहिले जाते.

तरीही ते नकार देत असतील, तर गोव्याला खेटे घालण्याची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि बिलावर ‘गोवा न्यायालयाच्या अधीन’ असे छापले असले तरी कायद्याने दिलेला हा हक्क जात नाही. म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा आयोगाकडे किंवा ऑनलाइन तक्रारीच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल करा. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीसोबतच कलम ३८(८) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज द्या की, वादातील रक्कम आयोगात जमा करून घेऊन इंजिन सोडावे. त्याच वेळी कलम ३८(२) प्रमाणे मोटर सीलबंद करून तपासणीस पाठवण्याची विनंती करा. तपासणीचा खर्च आधी आपल्याला भरावा लागेल.

बुडालेल्या उत्पन्नाची मागणी जरूर करा, परंतु अंदाजाने लाखभर लिहू नका. गेल्या हंगामातील फेऱ्यांची वही, यूपीआयने आलेले पैसे, रद्द केलेल्या बुकिंगचे संदेश यांवरून डिझेल-पेट्रोल व मजुरी वजा जाता रोजचे किती उरत होते ते काढा, आणि इंजिन प्रत्यक्ष अडकून पडले तेवढ्याच दिवसांचे मागा. ज्या दिवशी समुद्र खवळलेला म्हणून कोणाचीच बोट गेली नाही, ते दिवस स्वतःहून वगळा.

इंजिन ताब्यात घेताना सोबत माहितगार मेकॅनिक न्या. वरचे टोपण काढून फ्लायव्हीलच्या दात्यांचा, सोलेनॉइडच्या जोडण्यांचा आणि रिकाम्या असतील तर मोटरच्या बोल्टच्या जागांचा व्हिडिओ काढा. जळालेली मोटर वेगळी मागून घ्या, दोघांच्या सह्यांची चिठ्ठी लावून ती गुंडाळा, आणि ताबापावतीवर ‘हिशेब मान्य नाही’ हे शब्द स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिल्याशिवाय सही करू नका.