पांढरी तीनचीच बासरी एवढी गोड का लागते?

प्रश्न : दोन वर्षं बासरी शिकतोय. माझ्याकडे काळी एकची (पेटीवरची पहिली काळी पट्टी धरून सा) छोटी बासरी आहे. पण मोबाईलवर मोठ्या कलाकारांची ई ची, म्हणजे पांढरी तीनची, बासरी ऐकली की वाटतं आपण नुसती शिट्टी वाजवतोय. पांढरी तीनमध्येच काही खास गोडवा असतो का? क्लासमधला एकजण म्हणतो ई ची फ्रिक्वेन्सी हृदयाशी जुळते. खरं का हे? – एक वाचक, सांगली

उत्तर : हृदयाचं आधी सोडून द्या. हृदय मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके देतं आणि पांढरी तीनचा सा सेकंदाला ३३० वेळा थरथरतो, कुठे जुळवायचं हे? असले मेसेज मलाही रोज येतात, वाचून डिलीट करायचे.

आता खरं उत्तर. पट्टीत गोडवा नसतो, बासरीच्या आकारात असतो. आपल्याकडे सा कुठेही धरता येतो, काळी एकला गायलेला यमन राग यमनच असतो आणि पांढरी पाचला गायलेलाही यमनच. एक गंमत करून बघा, ई च्या बासरीचं एखादं रेकॉर्डिंग घ्या, फोनवर पिच बदलायचं कुठलंही फुकट ॲप मिळतं त्यात ते अर्धा सूर वर सरकवा म्हणजे पांढरी चार झाली, आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या कुणाला तरी न सांगता ऐकवा. पैज लावतो, गोडवा तसाच वाटेल. म्हणजे तुम्हाला आवडतेय ती पट्टी नाही, ती लांब जाड नळी आवडतेय.

ती का आवडते ते बघू. ई ची बासरी साधारण ३० इंचाची असते. सगळी सहा छिद्रं बंद केली की मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम येतो, तो सेकंदाला २४७ कंपनांचा. तिथपासून वरचे दीडेक सप्तकाचे सूर म्हणजे बायका जिथे गातात साधारण तोच पट्टा, त्यामुळे कानाला ती वाद्यापेक्षा गळ्याच्या जवळची वाटते. खालच्या सुरांत मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट तिप्पट कंपनांचे उपसूरही बऱ्यापैकी ऐकू येतात, म्हणून आवाज भरलेला वाटतो, आणि त्यात फुंकेचा तो हलका 'श्श' मिसळतो. तुमच्या काळी एकचा सा सुरूच होतो ५५४ ला, तार (वरच्या सप्तकातल्या) पंचमाला गेलात की १६६० च्या आसपास, आणि त्याचा दुप्पट कंपनांचा उपसूर पोचतो ३३०० ला. आपला कान नेमका ३ ते ४ हजाराच्या टापूत सगळ्यात तिखट असतो. म्हणून छोटी बासरी वर गेली की टोचते, त्यात तुमचं वाजवणं वाईट असेलच असं नाही. (असूही शकतं, पण ते तुमच्या गुरुजींना विचारा.)

दुसरं म्हणजे मींड, एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. मोठ्या बासरीची छिद्रं मोठी आणि एकमेकांपासून लांब असतात, बोट हळूहळू सरकवत उचललं की सूर घसरत जातो, गंधारावरून मध्यमावर जाताना मधल्या सगळ्या श्रुती (दोन सुरांमधल्या बारीक पायऱ्या) ऐकू येतात. छोट्या बासरीवर हेच करायला जागाच कमी, बोट जरा हललं की सूर उडी मारतो. तुम्ही मोबाईलवर ऐकता ते बहुतेक आलाप असणार, संथ, मागे तानपुरा, त्यावर स्टुडिओतला घुमारा. आणि त्याची तुलना करताय पंख्याखाली बसून वाजवलेल्या छोट्या बासरीशी. जरा अन्यायच आहे स्वतःवर.

हे लांब बासरीचं प्रकरण फार जुनंही नाही बरं का. पूर्वी बासरी म्हणजे लोकगीत, भजन, गुराखी. पन्नालाल घोष यांनी (१९११ ते १९६०) ३२ इंचाच्या आसपासची बासरी मैफिलीत आणली, सातवं छिद्रही वाढवलं, कारण त्यांना ख्यालाची गायकी बासरीवर हवी होती आणि त्यासाठी मंद्र सप्तक पाहिजे. पुढे पंडित हरिप्रसाद चौरसियांनी ई ची बासरी घराघरात पोचवली आणि दोन पिढ्यांचे कान त्याच आवाजावर तयार झाले. म्हणजे गोडव्यातला थोडा भाग सवयीचा आहे हे मान्य करायला पाहिजे.

मग अजून लांब का नाही करत? एकतर हात. ई वरच उजव्या हाताची करंगळीशेजारचं बोट ताणून ताणून छिद्रापर्यंत पोचतं, टोकाने नाही झाकता येत, मधल्या पेराने झाकावं लागतं. दुसरं बांबू. दोन पेरांमधला एवढा लांब, सरळ, पातळ सालीचा तुकडा सहज मिळत नाही, चांगला बांबू आसामकडून येतो. त्यामुळे हात, फुंक आणि बांबू तिघांनाही झेपेल अशी जागा शोधत शोधत लोक पांढरी तीनच्या आसपास थांबले.

एक सांगतो, बासरीवरच्या पट्टीच्या स्टिकरवर जाऊ नका. मी पहिली ई ची बासरी घेतली ती पुण्यात जानेवारीच्या सकाळी, घरी येऊन ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) लावला तर चाळीस सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) उतरलेली, म्हणजे जवळजवळ अर्ध्याच्या अर्धा सूर. परत गेलो तर दुकानदार म्हणाला, ''अहो थंडी आहे, उन्हाळ्यात चढेल.'' मला वाटलं मामा बनवतोय. पण गंमत म्हणजे हवा गरम झाली की सूर खरंच चढतो, ढोबळमानाने दहा अंशाला तीस सेंट, फुंकेने नळी गरम होते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी. मे महिन्यात परत लावून बघितली तर निम्मं अंतर भरून निघालं होतं, उरलेलं निम्मं बासरीचंच. म्हणून घ्यायला जाल तेव्हा आधी पाच मिनिटं वाजवून ती गरम करा, मग ट्यूनर काढा. आणि एकदम ई वर उडी मारू नका, मध्ये वर्षभर पांढरी पाचची, २४-२५ इंची वाजवा. हात सुटतो.

प्रश्न : मुलगा आयर्लंडमध्ये असतो, त्याने छोटी धातूची शिट्टीसारखी बासरी आणली, टिन व्हिसल. त्यावर डी लिहिलंय पण माझ्या पेटीच्या पांढरी दोनशी तिचा सा जुळतच नाही. खराब आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अहो, अजिबात खराब नाहीये, नाव ठेवायची पद्धत वेगळी आहे! आपण वरची तीन छिद्रं बंद केल्यावर येतो त्याला सा म्हणतो आणि त्यावरून बासरीची पट्टी सांगतो. तिकडे सगळी सहा बंद केल्यावर येणाऱ्या सुराचं नाव देतात. तुम्ही आपल्या पद्धतीने तीन बंद करून वाजवत असणार, म्हणजे तुमचा सा जी वर पडतोय. पेटीवर पांढरी पाच धरा, लगेच जुळेल.

आणि तिकडे सगळ्यांना डी च का लागते त्यालाही हृदयबिदय कारण नाही. तिकडच्या फिडलच्या (म्हणजे व्हायोलिनच्या) मोकळ्या तारा जी, डी, ए, ई अशा असतात, त्यांचे पाइप्सही (पिशवीतल्या हवेवर वाजणारं वाद्य) बहुतेक डी मध्ये, म्हणून बऱ्याचशा धुना डी आणि जी मध्येच बसल्या. डी च्या व्हिसलवर दोन्ही पट्ट्या जास्त कसरत न करता निघतात. चारचौघांत बसून वाजवायचं तर सगळ्यांची पट्टी एक पाहिजे ना, आपल्या भजनी मंडळात पेटीवाला ठरवतो तसंच.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे, ई च पाहिजे म्हणून हट्ट धरून बसलीये. घेऊ का? – एक आई, डोंबिवली

उत्तर : नको ताई. बोटं पोचणार नाहीत, हवा गळेल, सूर लागणार नाही आणि महिनाभरात बासरी माळ्यावर जाईल. सोळा-सतरा इंचाची काळी एक घ्या. दुकानात तिच्याच हातात देऊन बघा, सहाही छिद्रं झाकून खालचा पंचम न फाटता निघाला तर ती तिची बासरी. ई ची मात्र एकदा हातात धरू द्या तिला, तिथेच, म्हणजे हट्ट आपोआप सुटेल.