चिवड्याचं पाकीट उचलायचंय, खांद्याला कुठला सर्वो लावू?

प्रश्न : दादा नमस्कार, मी सातपूरला राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी रोबोटिक आर्म करतोय. पाहुणे आले की त्याने चिवड्याचं १०० ग्रॅमचं पाकीट उचलून द्यायचं, नाशिकचं काहीतरी हवं ना! बेस, खांदा, कोपर, ग्रिपर (पकडणारी बोटं) असे चार सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनात थांबणाऱ्या छोट्या मोटारी आहेत. खांदा ते कोपर १२ सेंमी, कोपर ते पाकीट १४. सगळीकडे एसजी९० हे छोटे सर्वो लावलेत, हात उभा असला की ठीक, पुढे केला की धाडकन खाली. मित्र म्हणतो चारही मोठे एमजी९९६आर घे, विषय संपव. घेऊ का?

उत्तर : आयडिया झकास आहे, पण चारही सारखे घेऊ नकोस रे, ग्रिपरला ५५ ग्रॅमचा सर्वो लावलास तर ते वजन थेट हाताच्या टोकाला जाऊन बसतं आणि त्याचा सगळा भुर्दंड खांद्याला. आधी कागद-पेन घे. हात पूर्ण आडवा ताणलेला धरायचा, कारण सगळ्यात जास्त जोर तेव्हाच लागतो, आणि प्रत्येक वजन गुणिले त्याचं खांद्यापासूनचं अंतर असं मांडत जायचं.

पाकीट १०० ग्रॅम, २६ सेंमीवर, म्हणजे २.६ किलो-सेंमी. ग्रिपर त्याच्या सर्वोसकट ६० ग्रॅम धरू, २३ सेंमीवर, झाले १.४. कोपरातला सर्वो ५५ ग्रॅम, १२ सेंमीवर, ०.७ च्या आसपास. राहिल्या अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्या. ३ मिमी जाडीची १२ बाय ४ ची एक पट्टी साधारण १७ ग्रॅम भरते, दोन पट्ट्या आणि स्क्रू धरून ४० ग्रॅम. असा एक जोड दंडाला, एक पुढच्या हाताला, दोन्ही मिळून आणखी १ किलो-सेंमी. टोटल साडेपाचच्या थोडं वर.

एसजी९० चा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४.८ व्होल्टला १.८ किलो-सेंमी. आता कोपरात हलका सर्वो असला तरी पाकीट न धरता तुझ्या हाताचं स्वतःचंच ओझं दोन-अडीचच्या घरात जातं, मग तो पडणारच की, त्यात त्या बिचाऱ्याची काय चूक.

आणि डब्यावर लिहिलेला आकडा स्टॉल टॉर्क असतो, म्हणजे सर्वो जोर लावून लावून जिथे अडकतो तिथला. तिथे त्याला रोज राबवायचं नसतं, म्हणून हिशोबाच्या दुप्पट घ्यायचा, इथे ११-१२. एमजी९९६आर ६ व्होल्टला ११ दाखवतो, ४.८ ला ९.४, म्हणजे अगदी काठावर, त्यात बाजारात त्याच्या नकला इतक्या आहेत की स्टिकरवर माझा तरी भरवसा नाही. खांद्याला सरळ २० किलो-सेंमीवाला डीएस३२१८ घे, पैसे तिथेच घाल. साइज जवळपास तीच असल्याने ब्रॅकेट बहुतेक बदलावा लागणार नाही. फक्त घेताना १८० अंशाचा की २७० चा ते विचारून घे, आणि ३६० वाला चुकूनही नको, तो नुसता गरागरा फिरतो, सांगितलेल्या कोनात थांबत नाही.

कोपराचा हिशोब असाच केलास तर २.३ येतो, दुप्पट ४.६, तिथे एमजी९९६आर मस्त चालेल. बेसलाही तोच, कारण तिथे वजन उचलायचं नसतं, फक्त फिरवायचं असतं, पण सगळा हात सर्वोच्या दांड्यावर उभा करू नकोस, खाली गोल टर्नटेबल बेअरिंग टाक. ग्रिपरला एमजी९०एस, मेटल गिअरचा, १४ ग्रॅमच्या आत. चिवड्याचं पाकीट हवेने फुगलेलं आणि गुळगुळीत असतं, म्हणून बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटव आणि कोडमध्ये ग्रिपर पूर्ण बंद करायला सांगू नकोस, पाकीट मध्ये आलं की सर्वो तिथेच दाबत बसतो आणि तापतो. पकड बसली की थांबव.

सर्वो हातात आला की बसवण्याआधी तपास. टेबलाच्या कडेला घट्ट आवळ, हॉर्नला (दांड्यावरच्या छोट्या आर्मला) पट्टी लाव आणि दांड्यापासून १० सेंमीवर पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली लटकव. तो झाला जेमतेम ५ किलो-सेंमी लोड. एमजी९९६आरने ही बाटली वर उचलून आडवी धरून ठेवली पाहिजे, दोन-तीन मिनिटांत चटका बसेल इतका तापला किंवा हळूहळू खाली यायला लागला तर दुकानदाराला परत दे.

प्रश्न : मी नाशिकरोडहून. माझ्या आर्मचे सर्वो नवे आणि चांगले आहेत तरी थरथरतात आणि दोन एकदम हलले की आर्डुइनो (सर्वो चालवणारा कंट्रोलर बोर्ड) रीसेट होतो. बोर्ड गेला का?

उत्तर : बोर्ड बहुतेक ठणठणीत आहे, तुम्ही सर्वोंना करंट आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनवरून देताय असं दिसतंय. एकटा एमजी९९६आर अडकला तर ६ व्होल्टला अडीच अँपिअरपर्यंत खेचतो आणि यूएसबीवरून मिळतो जेमतेम अर्धा, मग व्होल्टेज बसतं आणि बोर्ड रीसेट. एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घ्या, सर्वोंच्या लाल-तपकिरी वायरी थेट त्याला, आर्डुइनोकडून फक्त सिग्नलची वायर. सप्लाय आणि आर्डुइनो, दोघांचे ग्राउंड (मायनस) मात्र जोडायचेच, ते राहिलं की थरथर जात नाही. सप्लायच्या वायरींवर सर्वोंच्या जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, प्लस-मायनस बघून. आणि ० वरून एकदम ९० ला उडी मारायला लावू नका, एकेक अंश पुढे सरकवा, करंटही कमी लागतो आणि गिअरचे दातही वाचतात.